बॉल बसवणारा पाय

सकाळी सहाला मी सरावाच्या पट्टीवर उभा असतो. शहराच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गोल्फचं मैदान आहे. मैदान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरची हिरवी गादी येते. तसलं काही नाही. आमच्याकडे चार महिने हिरवं, बाकीचे आठ महिने पिवळं आणि मुरमाड. बाभळी आहेत, कडुनिंब आहेत, आणि मार्च लागला की आठ वाजताच ऊन पाठीवर बसतं. ज्यांना शिकायचं असतं ते त्याआधी येतात. वाळूजच्या कंपन्यांतले मॅनेजर, दोन-तीन डॉक्टर, एक बिल्डर, अलीकडे त्यांच्या बायकाही. सगळ्यांचा मी मामा. सर मला कुणी म्हणत नाही, कारण सर म्हणवून घ्यायला जो कागद लागतो तो माझ्याकडे नाही. तो का नाही ते सांगणार आहे, पण आधी कामाचं बोलतो, कारण माझी सकाळ त्यातच जाते.

स्टिक घट्ट धरू नका. हे मी इतक्या वेळा बोललोय की आता ते तोंडातून आपोआप निघतं, एसटीतल्या कंडक्टरचं ‘पुढं सरका’ निघतं तसं. पिकलेलं सीताफळ आपण कसं धरतो? पडू नये इतपत आणि फुटू नये इतपत. तेवढंच. समोरचा मान हलवतो, ‘बरोबर आहे मामा’ म्हणतो, आणि बॉलपुढे उभा राहिला की त्याच्या मनगटाच्या शिरा वर येतात. ज्यानं दिवसभर कारखान्यात शंभर माणसांना धाकात ठेवलेलं असतं, त्याला सकाळी सहाला हात सैल सोडणं जमत नाही. मग बॉल उजवीकडे बाभळीत जातो आणि तो माझ्याकडे असा बघतो, की जणू ती बाभूळ मीच लावली.

मग मान. बॉल मारायच्या आधीच लोक तो कुठं गेला हे बघायला मान वर करतात. अहो, बघायला मी आहे ना. तुम्ही खालीच बघा, बॉल गेल्यावर खालचं गवत दिसलं पाहिजे. आणि ती सगळ्यात लांब स्टिक पिशवीतच राहू द्या. प्रत्येकाला लांब मारायचंय. निम्मे फटके तर होलाजवळच्या शंभर पावलांत जातात, त्यांचा सराव कुणालाच नको असतो, कारण त्यात आवाज होत नाही आणि शेजारचा वळून बघत नाही. छोटी स्टिक घ्या, वीस पावलांवर टॉवेल टाका, त्यावर बॉल पाडा. महिनाभर एवढंच करा. हे सांगितलं की लोक दोन दिवस करतात. तिसऱ्या दिवशी मोबाइल काढून दाखवतात, ‘मामा, हा अमेरिकेतला माणूस बघा, हा कंबर आधी फिरवायला सांगतो.’ त्या माणसाची कंबर आणि तुमची कंबर यात फरक आहे, हे मी तोंडावर सांगत नाही.

कंटाळा येतो का? येतो. तेच बोलायचं, तेच हात धरून तीच बोटं सरळ करायची. दमलात तर घरी जा, असंही मी सांगतो, दमल्यावर मारलेला प्रत्येक फटका चुकीची सवय पक्की करतो. मला मात्र दमलो म्हणून घरी जाता येत नाही.

आणि शेवटी एक गोष्ट सांगतो, ती हळू आवाजात. बॉल जिथं पडला तिथूनच मारा. खड्ड्यात असू दे, मुळाशी असू दे, हात लावायचा नाही, पाय लावायचा नाही. लोक हसतात. यात शिकण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटतं. मला ते शिकायला सत्तावीस वर्षं लागली.

आम्ही मूळचे मेंढरंवाले. आजोबांची मेंढरं याच माळावर चरायची, असं वडील सांगायचे. पुढे मैदान झालं, कुंपण पडलं, मेंढरं कमी होत होत संपली. धाकटा भाऊ बजाजनगरला खोली घेऊन कंपनीत लागला. माझं दहावीनंतर कुठं जमलं नाही, म्हणून मी कुंपणाच्या आत शिरलो, साहेब लोकांच्या बॅगा उचलायला. या कामाला कॅडी म्हणतात. बॅगेत बारा-चौदा स्टिका, पाण्याची बाटली, छत्री, आणि अठरा होल संपेपर्यंत चार-साडेचार तास साहेबाबरोबर चालणं.

हे काम मला एका म्हाताऱ्या कॅडीनं शिकवलं. त्यांचे पहिल्या दिवशीचे शब्द अजून आठवतात. ‘साहेबाच्या आदी बॉलपाशी पोचायचं. पाय उचलायचे, लई बोलायचं नाय.’ का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. बॉल कापलेल्या गवतात पडला तर मारायला सोपा असतो. बाजूच्या वाढलेल्या गवतात, मुळांत, दगडांत पडला तर अवघड. त्या भागाला रफ म्हणतात. साहेब मागून येईपर्यंत कॅडी तिथं पोहोचतो, खांद्यावरची बॅग उतरवतो, आणि उतरवता उतरवता पायाच्या अंगठ्यानं बॉल खळग्यातून काढून गवताच्या शेंड्यावर आणून ठेवतो. वीतभर, त्याहून जास्त नाही. खाली बघायचं नाही. बॅग उतरवताना शरीर झुकतंच, त्याच वेळी पाय हलतो, म्हणून लांबून काही दिसत नाही. याला आम्ही बॉल बसवणं म्हणायचो.

यात काही लबाडी आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. जेवायला आलेल्या पाहुण्याचा पाट सरळ करून द्यावा, तसं ते होतं. साहेबाचा फटका चांगला बसला की सकाळ चांगली जाते. साहेब बिघडला की चार तास त्याचं तोंड बघत चालावं लागतं. शिवाय खूश झालेला साहेब पुढच्या रविवारी आपलंच नाव सांगतो. वर्षभरात मला त्याचा इतका सराव झाला, की बॅगेचा पट्टा खांद्यावरून घसरला की माझा पाय मला न विचारता हलायचा.

ज्यांच्याकडे मी अकरा वर्षं होतो, ते माझे साहेब वाळूजच्या एका कंपनीत मालाच्या तपासणीचे प्रमुख होते. पुढे निवृत्त झाले. उंच, सडपातळ, मोजून बोलणारे. केसाइतका फरक निघाला तर अख्खा लॉट परत पाठवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. मला ते ‘तू’ म्हणायचे, पण आवाज कधी चढवला नाही. पाणी प्यायले की बाटली माझ्यापुढे धरायचे. असे साहेब फार नसतात.

त्यांची एकच इच्छा होती. अठरा होल नव्वदच्या आत संपवायचे. गोल्फमध्ये जितके कमी फटके तितका चांगला खेळ, आणि आमच्या मैदानावर हौशी माणसाला नव्वद म्हणजे पुष्कळ झालं. साहेब शंभराच्या आसपास अडकलेले. कधी अठ्ठ्याण्णव, कधी एकशे तीन. घरी चटईवर सराव करायचे, वहीत प्रत्येक होलाचं लिहून ठेवायचे. मी त्यांना सीताफळाचं सांगायचो, मान खाली ठेवायला सांगायचो, ते मन लावून ऐकायचे. पण हात काही सैल व्हायचा नाही. सबंध आयुष्य दुसऱ्याच्या कामातली खोट शोधण्यात गेलेलं, तो हात कसा सैल होणार? मग मी पायानं मदत करायचो.

एका डिसेंबरात ते झालं. अठ्ठ्याऐंशी. शेवटचा बॉल होलात पडला तेव्हा साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. गुलमंडीतून पेढे आले, क्लबात जेवण झालं, माझ्या घरी डबा आला. पुढची कित्येक वर्षं नवीन कुणी भेटलं की साहेब त्याला त्या दिवसाचं सांगायचे, आणि मी शेजारी बॅग घेऊन उभा असायचो. त्या दिवशी मी चार वेळा बॉल बसवला होता. ते चारही मला जागेसकट आठवतात.

मग माझा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, ओझं बंद करा. सत्तावीस वर्षं ओझंच उचललं होतं, दुसरं काय करणार? बायको शिवणकाम करायची, त्यावर घर चालण्यातलं नव्हतं. साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, ‘तू शिकव. तुझ्याइतकं नजरेनं ओळखणारा माणूस इथं नाही. शिकवणाऱ्याची जागा रिकामी आहे, फक्त सर्टिफिकेट लागतं. परीक्षा दे. फीचं मी बघतो, क्लबाशीही मी बोलतो.’

मी घरी सांगितलं. बायकोनं शिलाई मशीन थांबवलं. ‘व्हईल का तुमच्यानं?’ ती म्हणाली.

‘व्हईल.’

‘मंग बॅग उचलायची नाय ना?’

‘नाय. नुसतं उभं राहून बोलायचं.’

तिनं मशीन परत सुरू केलं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. बॅग उतरायची होती, कायमची, आणि त्याला तो एक कागद पुरणार होता.

मला खेळता येत होतं. सोमवारी मैदान बंद असतं, त्या दिवशी कॅडींना खेळायला मुभा असते. कुणाच्या तरी जुन्या तीन-चार स्टिका हातात घेऊन आम्ही खेळायचो आणि साहेबांपेक्षा कितीतरी बरं खेळायचो. आपसात कुणी बॉल बसवत नसे. बसवणार कुणासाठी? साहेबांनी मला त्यांचा जुना सेट दिला, बॅगेसकट, आणि आपले जुने बूटही. अर्धं वर्ष मी गुडघ्याला पट्टा बांधून सराव केला. पण तोही हातात स्टिका घेऊन, कारण ओझं नको म्हणून बॅग मी झाडाखाली ठेवायचो.

परीक्षा पुण्याला होती. एकाच दिवशी दोन फेऱ्या, म्हणजे छत्तीस होल, आणि दोन्ही मिळून ठरलेल्या फटक्यांच्या आत संपवायचं. एक जास्त झाला तरी नापास. कॅडी न्यायचा नाही, आपली बॅग आपण उचलायची. प्रत्येकाचे फटके बरोबरचा उमेदवार लिहिणार. माझ्याबरोबर उत्तरेकडचा एक दांडगा माणूस होता, तोही जुना कॅडीच. सकाळची फेरी चांगली गेली. दुपारी गुडघा सुजला. तरी शेवटचे तीन होल उरले तेव्हा माझ्या हातात दोन फटके जास्तीचे होते, म्हणजे दोन वाया गेले तरी पास. मी हिशेब दोनदा केला. घरी फोन करून काय सांगायचं, तेही मनात ठरवून झालं होतं.

त्या तिनांतल्या पहिल्या होलावर माझा दुसरा फटका रफमध्ये गेला. मी लंगडत गेलो. बॉल एका झाडाच्या मुळांच्या बेचक्यात होता, वाईट जागा होती. मी स्टिक काढायला बॅग उतरवली. पट्टा खांद्यावरून घसरला, आणि बुटाच्या टोकानं बॉल बेचक्यातून निघून गवतावर येऊन बसला. छान बसला होता. सत्तावीस वर्षांचा हात, म्हणजे पाय, बसलेला.

मी बघतच राहिलो. कुणीतरी दुसऱ्यानं ते केल्यासारखं वाटलं. बरोबरचा माणूस पलीकडे स्वतःचा बॉल शोधत होता, त्याची पाठ माझ्याकडे होती. आजूबाजूला कुणी नाही. नियम मला माहीत होता. आपला बॉल आपल्या पायानं हलला तर परत जागेवर ठेवायचा आणि एक फटका दंड लिहायचा.

मी प्रामाणिक म्हणून बोललो, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. मी घाबरलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या पायाकडे बघितलं होतं, आणि बघितल्यावर मला ते सहन होईना. मी त्याला हाक मारली आणि सांगितलं. तो आला, बॉल बघितला, माझ्याकडे बघितलं. ‘मैंने तो कुछ देखा नहीं, भाई,’ तो म्हणाला. जुना कॅडी होता, त्याला सगळं समजलं होतं. ‘खेलो.’

‘लिख लो,’ मी म्हणालो.

बॉल परत मुळांत ठेवला. तिथून बाहेर काढायला मला दोन फटके लागले. पुढचे दोन होल मी नीट खेळलो. शेवटी बेरीज झाली तेव्हा ठरलेल्या आकड्यापेक्षा एक जास्त होता. त्या माणसानं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो पास झाला होता.

रात्री उशिरा परत आलो तेव्हा बायकोनं तोंडाकडे बघून ओळखलं. तिनं जेवायला वाढलं. मी तिला पायाचं सांगितलं नाही. एका फटक्यानं गेलं, एवढंच म्हणालो. ‘एका?’ ती म्हणाली, आणि ताटात अजून एक भाकरी टाकली. मग म्हणाली, ‘एका म्हंजी काय लांब नाय. परत जावा.’

साहेबही तेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मैदानावर माझी वाट बघत होते. ‘एका फटक्यानं? मग काय झालं त्यात. सहा महिन्यांनी परत बस. फी मी भरतो. पण कुठं चुकलं ते सांग, आपण तेवढं दुरुस्त करू.’

त्यांनी ते तपासणीच्या माणसासारखं विचारलं. कुठं चुकलं, म्हणजे तेवढं दुरुस्त करता येईल. आणि मी दमलेलो होतो, गुडघा ठणकत होता, खोटं जुळवायला डोकं चालत नव्हतं. मी सांगून टाकलं. ‘बॅग उतरवताना पाय गेला, साहेब. बॉल हलला. मीच सांगितलं त्यांना. एक फटका दंड पडला.’

साहेबांचा चेहरा आधी उजळला. ‘स्वतः सांगितलंस?’ ते म्हणाले. ‘शाबास.’ मला त्यांचा विचार चाललेला दिसत होता, लॉटमधला एक तुकडा हातात घेऊन ते बघत असतील तसा. मग त्यांनी हळूच विचारलं, ‘पाय का गेला पण?’

मी गुडघ्यावरचा पट्टा आवळला.

‘सवय होती?’

मी खाली बघितलं. माझ्या पायात त्यांचेच बूट होते.

‘माझ्याही बॉलला?’ ते म्हणाले.

‘व्हय.’

‘त्या दिवशीही? अठ्ठ्याऐंशीच्या?’

नाही म्हणता आलं असतं. एक ‘नाय’ म्हणायला काय लागतं? पण आदल्या दिवशी तेवढं करून बसलो होतो, ते सगळं फुकट गेलं असतं. ‘चार येळा,’ मी म्हणालो.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. गाडीत बसले आणि गेले. फीचा विषय पुन्हा निघाला नाही आणि मीही काढला नाही. दुसऱ्या परीक्षेला मी बसलो नाही. गुडघाही तोवर पार गेला होता. क्लबानं माझ्यावर दया करून सरावाच्या पट्टीवर उभं राहायला परवानगी दिली, शिकवणारा म्हणून नाही, बॉल गोळा करून देणारा म्हणून. शिकवणं आपोआप सुरू झालं. लोक विचारतात, मी सांगतो.

मी साहेबांना काय बोलून बसलो ते कॅडींना मीच सांगितलं, तेव्हा ते माझ्यावर चिडले. साहेब क्लबात सांगतील आणि सगळ्यांचीच रोजी जाईल, अशी त्यांना धास्ती होती. ‘मामा, तुमी आमचं बी वाटोळं करताव,’ एक जण तोंडावर म्हणाला. साहेबांनी कुणालाच सांगितलं नाही. फक्त त्यानंतर त्यांनी कॅडी घेणं बंद केलं. दोन चाकांच्या गाडीवर बॅग टाकून ती स्वतः ओढत जायचे. पट्टीवरून मला ते लांब दिसायचे. रफमध्ये एकटे वाकून बॉल शोधत असायचे, शोधायला त्यांना फार वेळ लागायचा. अठ्ठ्याऐंशीचं कुणाला सांगताना मी त्यांना पुन्हा ऐकलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं, परीक्षेपेक्षा जास्त. परीक्षा माझी होती, मी घालवली. तो दिवस त्यांचा होता.

असं दोन वर्षांहून जास्त चाललं. समोरासमोर आलो तर मी नमस्कार करायचो, ते मान हलवायचे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते पट्टीवर आले. माझ्याकडचे शिकणारे गेले होते, मी बॉल वेचत होतो. त्यांनी स्टिक काढली, चार-पाच बॉल मारले. सगळे उजवीकडे गेले.

‘बघ जरा,’ ते म्हणाले. दोन वर्षांत तेवढं पहिलं वाक्य.

मी जवळ गेलो, त्यांची बोटं हातात घेतली. सुरकुतली होती, आणि घट्ट तशीच. ‘साहेब, सोडा जरा. डाव्या हाताची शेवटची तीन बोटं धरू द्या, बाकीची नुसती टेकवा.’ त्यांनी मारला. बरा गेला. अजून एक मारला. मग स्टिक पिशवीत ठेवत, माझ्याकडे न बघता विचारलं, ‘पाय अजून जातो का?’

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. ‘बॅग घेतली तर जाईल बी,’ मी म्हणालो.

‘उद्या ये माझ्याबरोबर. बॅग गाडीवर राहील, तू फक्त चालायचं. नऊच होल. मला आता गुडघ्यापासून मानेपर्यंत सगळं दुखतं. एकशे दहाच्या खाली येत नाही.’ थोडं थांबून म्हणाले, ‘ये.’

मी गेलो. आणि खरं सांगतो, त्यांनी कशासाठी बोलावलंय ते कळूनच गेलो. घरून ठरवून निघालो होतो. म्हातारा माणूस, वीतभर बॉल सरकला तर कुणाचं काय बिघडतं? दोन वर्षं एकट्यानं गाडी ओढलेली मी बघितली होती. इतके दिवस खरेपणाचं ओझं वाहून मीही थकलो होतो, आणि त्यातून दोघांनाही काही मिळालेलं नव्हतं.

पहिले पाच होल बरे गेले. सहाव्याला बॉल डावीकडे रफमध्ये गेला. गाडी ओढत मी पुढे झालो, सवयच ती. बॉल बाभळीच्या मुळाशी होता, दगडाला टेकून. मी मागे बघितलं. साहेब वीस पावलांवर थांबले होते. त्यांनी माझ्याकडे पाठ केली, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. पुसतच राहिले. चष्म्याला इतका वेळ लागत नाही.

त्यांच्या त्या पाठीकडे बघून मला भरून आलं. अख्खे लॉट परत पाठवणारा माणूस माझ्यासाठी पाठ करून उभा होता. उजवा पाय मी बॉलपर्यंत नेला. आणि तो परत घेतला.

‘साहेब,’ मी म्हणालो, ‘बॉल वाईट जागी हाय.’

ते वळले नाहीत. ‘किती वाईट?’

‘लई वाईट. मुळाशी हाय, दगडाला टेकलाय.’

‘मग तुला बोलावलं कशाला?’ ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण अकरा वर्षांत तसा कधी ऐकला नव्हता.

‘एकदा तुमचा खेळ मी खाल्लाय, साहेब. आता परत नाय खायचा.’

त्यांनी चष्मा घातला. सावकाश आले, बॉल बघितला, दगड बघितला. ‘आता?’

‘पुढं मारायचा इचार सोडा. छोटी स्टिक घ्या आन् आडवा काढा, नुसता गवतावर. एक फटका गेला तर गेला.’

त्यांनी छोटी स्टिक घेतली. पहिला फटका दगडावर बसला, बॉल तिथंच. मला वाटलं, आता स्टिक फेकतील. त्यांनी श्वास घेतला, हात सैल सोडला, खरंच सोडला, आणि दुसऱ्या फटक्याला बॉल आडवा घरंगळत कापलेल्या गवतावर आला. ‘दोन,’ ते स्वतःच म्हणाले. त्या होलाला आठ लागले. नऊ होल मिळून सत्तावन्न झाले, म्हणजे वाईटच.

शेवटी सावलीत बसून त्यांनी कार्ड भरलं, प्रत्येक आकडा दोनदा तपासला आणि खाली सही केली. मग कार्ड माझ्यापुढे धरलं. कार्डावर दुसऱ्या सहीची एक जागा असते. फटके बरोबर मोजले, हे बघणाऱ्याची ती सही असते आणि तिथं बरोबर खेळणारा दुसरा खेळाडूच सही करतो. कॅडीला कुणी विचारत नाही.

‘कर,’ साहेब म्हणाले.

मी पेन घेतलं. माझी सही वाकडी येते, तशीच आली. साहेबांनी ती तपासली आणि कार्ड खिशात ठेवलं.